जखडलेला खांदा: कधी ओढायचा, कधी नाही

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एक काकू पहिल्या दिवशी माझ्या फिजिओथेरपीच्या टेबलावर आडव्या झाल्या आणि मी हात लावायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, एकदाच काय ती कळ सोसते मी. ओढा जोरात, कडाक वाजू दे, पण आज मोकळा करून सोडा." त्याआधीच्या दोन महिन्यांत त्यांनी दोनदा खांदा चोळून, ओढून घेतला होता. दर वेळी चार दिवस हात जागचा हलेना, आणि पाचव्या दिवशी तो आधीपेक्षा दोन बोटं कमीच वर जायचा.

आपल्या गावात हे होणारच. तालमींचं गाव. कुस्तीत निखळलेला खांदा बसवणारे हात इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळं कुठलाही खांदा अडला की 'बसवून घ्या' हा सल्ला पहिला येतो. पण फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे जखडलेल्या खांद्यात, बसवायचं काहीच नसतं, कारण काही निखळलेलंच नसतं. दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतच असतो. आखडलेली असते ती त्याच्याभोवतीची पिशवी. ही पिशवी काही महिने नुसती शांत ठेवायची असते आणि त्यानंतर हळूहळू ताणायची असते. वेळ चुकली की चांगला उपचारही अंगाशी येतो.

आत नेमकं काय होतं

नवा सुती सदरा पहिल्या धुण्यात काखेत आटला की काय होतं? अंगात बसतो, बटणं लागतात, पण हात वर केला की काखेत धरतो. खांद्याच्या सांध्याभोवती अशीच एक पातळ पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. तिच्या खालच्या बाजूला, काखेकडं, एक सैल घडी असते. हात वर नेला की ही घडी उलगडते. फ्रोझन शोल्डरमध्ये पिशवीला आधी सूज येते, मग ती जाड आणि आखूड होते, घडी मिटून जाते. सर्वांत जास्त आवळतो तो सांध्याचा पुढचा-वरचा भाग, म्हणून हात बाहेर वळवणं सर्वांत आधी जातं.

'फ्रोझन शोल्डर' हे नाव कॉडमन या अमेरिकन सर्जननं १९३४ मध्ये दिलं. १९४५ मध्ये नेव्हियासर यांनी त्याला 'अॅडेसिव्ह कॅप्सुलायटिस' म्हटलं, म्हणजे चिकटलेली पिशवी. पुढं दुर्बिणीतून सांध्यात बघता यायला लागलं तेव्हा कळलं, की पिशवी हाडाला चिकटण्यापेक्षा स्वतःच आकसलेली असते. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'चिकटलंय' म्हटलं की ते खरवडून, तोडून सोडवावं असं कुणालाही वाटतं.

बहुतेकांना हे ४० ते ६० या वयात होतं आणि बायकांना जास्त होतं. मधुमेह असणाऱ्यांना इतरांपेक्षा बरंच जास्त होतं आणि बरं व्हायलाही वेळ लागतो. थायरॉइडच्या तक्रारीतही दिसतं. खांद्याच्या तक्रारीवरून तपासणी केली आणि साखर वाढल्याचं पहिल्यांदा कळलं, असं माझ्याकडं अधूनमधून घडतं. म्हणून कारण न सापडता खांदा जखडला असेल तर तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीएवनसी आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. हात प्लास्टरमध्ये राहिल्यावर, लकव्यानंतर किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरही खांदा आखडतो. त्याचा हिशोब थोडा वेगळा असतो, तो तुमच्या डॉक्टरांबरोबर मांडा.

पायरी पहिली: हा फ्रोझन शोल्डरच आहे का?

आरशासमोर उभं राहा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा, तळहात एकमेकांकडं. आता जुन्या वाड्याच्या दाराच्या दोन फळ्या उघडतात तसे दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा. कोपर कमरेपासून सुटता कामा नये. चांगला हात छान उघडेल. जखडलेला हात थोडं जाऊन थांबेल. मग घरातल्या कुणाला तरी तोच हात अलगद, न ढकलता, बाहेर नेऊन बघायला सांगा. तुम्ही नेल्यावर जिथं थांबला तिथंच त्यांनी नेल्यावरही थांबला, तर पिशवीवर संशय घ्यायचा. स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा फाटला असेल तर सहसा उलटं दिसतं: स्वतःहून हात जात नाही, पण दुसऱ्यानं नेला की जातो.

हात वर करतानाही बघा. निरोगी खांदा वर जाताना साधारण दोन वाटे हालचाल गोळ्याच्या सांध्यातून होते आणि एक वाटा पाठीवरच्या पात्यातून, म्हणजे फऱ्यातून. सांधा अडला की फरा त्याचं काम अंगावर घेतो आणि खांदा कानाकडं उचलला जातो. आरशात हे लगेच दिसतं.

एक्स-रे काढाच. फ्रोझन शोल्डरचा एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो आणि लोक म्हणतात, पैसे वाया गेले. वाया जात नाहीत. हात बाहेर वळणं पूर्ण बंद होण्याची आणखी दोन कारणं आहेत: सांध्याची झीज, आणि मागच्या बाजूला निखळून अडकलेला खांदा. हा दुसरा प्रकार फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर होतो. रानात मोटर चालू करताना शॉक लागला आणि तेव्हापासून हात फिरत नाही, असं कुणी सांगितलं तर मी व्यायाम सुरूच करत नाही. आधी एक्स-रे, तोही काखेच्या बाजूनं घेतलेला, कारण नुसत्या समोरच्या फोटोत हे निसटू शकतं.

आणि काही वेळा खांद्याचा विचारच सोडून द्यायचा: डाव्या खांद्याबरोबर छातीत जडपणा, घाम, धाप असेल तर थेट दवाखाना. ताप, गाठ, कारण नसताना वजन उतरणं, हाताला मुंग्या किंवा कमजोरी, पडल्यानंतरचं दुखणं, यातलं काहीही असेल तरी डॉक्टर आधी, व्यायाम नंतर.

पायरी दुसरी: टप्पा ओळखा

पुस्तकात तीन टप्पे असतात. दुखरा टप्पा साधारण २ ते ९ महिने, जखडलेला ४ ते १२ महिने, आणि सुटण्याचा टप्पा काही महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळतात आणि महिने मोजून काही कळत नाही. मी दोनच प्रश्न विचारते.

पहिला: रात्र कशी जाते? त्या कुशीवर झोपता येत नाही, कूस बदलताना जाग येते, पहाटे ठणका लागतो, तर आत अजून सूज आहे. दुसरा प्रश्न माझा हात विचारतो. मी रुग्णाचा हात हळूहळू नेते तेव्हा अडण्याच्या आधीच कळ येते, की आधी हात अडतो आणि त्याच्या पुढं दाबल्यावर नुसता ताण लागतो? कळ आधी, तर दुखरा टप्पा. अडणं आधी, तर जखडलेला टप्पा, आणि तिथं ताणायला परवानगी आहे.

हे मी चूक करूनच शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक गुऱ्हाळवाले काका आले होते, साखरही होती त्यांना. हंगाम तोंडावर, हात लवकर मोकळा पाहिजे. रात्रीची झोप उडाल्याचं त्यांनी सांगितलं होतं, मी कागदावर लिहूनही घेतलं, आणि तिसऱ्याच दिवशी हात शेवटापर्यंत नेऊन दाबला. त्या दिवशी १० अंश वाढले. मी खूश. पुढचे पंधरा दिवस काका खुर्चीत बसून झोपले, आणि आले तेव्हा आधीचेही १५ अंश गेले होते.

नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं. एका गटाला वेदनेच्या पलीकडं नेणारे जोरदार ताण दिले, दुसऱ्याला समजावून सांगून फक्त सोसेल तेवढ्या हालचाली दिल्या. दोन वर्षांनी सौम्य गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला होता, जोरदार गटात ६३ टक्के लोकांचा.

दुखऱ्या टप्प्यात काय करायचं

झोप पहिली. उताणं झोपताना दंडाखाली आणि कोपराखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे कोपर गादीत मागं पडत नाही. रात्रीची बरीच कळ त्या मागं पडण्यानं येते. कुशीवर झोपायचं तर चांगल्या कुशीवर, आणि दुखरा हात छातीशी धरलेल्या उशीवर. एवढ्यानंच काहींची रात्र निम्मी सुधारते.

शेक १० ते १५ मिनिटं, गरम पाण्याच्या पिशवीनं, मध्ये कापड ठेवून. मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, तेव्हा आधी चांगल्या हातानं गरमपणा बघा. तेल लावायला माझी हरकत नाही, लावणाऱ्याचा मायेचा हात फिरला की स्नायू सैल पडतात. पण तेल कॅप्सूलपर्यंत पोचत नाही, ते कितीही गावरान असलं तरी.

व्यायाम दोनच. ओट्याला चांगल्या हातानं धरून पुढं वाका, दुखरा हात घंटेच्या लोलकासारखा लोंबू द्या आणि अंगाच्या झोक्यानं त्याला पुढं-मागं, मग लहान गोल फिरू द्या. हात स्वतः हलवायचा नाही. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दुसरा: टेबलाशी बसून तळहाताखाली फडकं ठेवायचं आणि टेबल पुसल्यासारखा हात पुढं सरकवायचा, अंगही बरोबर पुढं झुकवायचं.

मोजमाप असं ठेवा: दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, अर्ध्या तासात शमलं पाहिजे, आणि त्या रात्रीची झोप आदल्या रात्रीपेक्षा बिघडता कामा नये. बिघडली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. हात गळ्यात बांधून मात्र ठेवू नका.

सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं असेल तर त्याची वेळ हीच. 'स्टिरॉइड' शब्दाला लोक बिचकतात, पण सुरुवातीच्या महिन्यांत दिलेल्या इंजेक्शननं काही आठवड्यांसाठी वेदना बऱ्यापैकी उतरते आणि त्या उसंतीत हात हलवता येतो. साखर असेल तर पुढचे काही दिवस ती वाढलेली दिसते, रोज तपासा. इंजेक्शन घेऊन व्यायाम न करणं म्हणजे नांगरट करून पेरायचं विसरणं. सुरुवात सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयाच्या, हाडांच्या ओपीडीत करा किंवा खासगी दवाखान्यात, इंजेक्शन घ्यावं का हे तिथं स्पष्ट विचारा.

जखडलेल्या टप्प्यात: थेरपिस्टच्या हातानं काय होतं

रात्र सुधारली की खरं हातानं करायचं काम सुरू होतं. टेबलावर काय चाललंय हे तुम्हाला कळत असावं, म्हणून क्रमानं सांगते.

रुग्ण उताणा, दंड उशीवर, अंगापासून थोडा बाजूला आणि किंचित पुढं. या जागी पिशवी सर्वांत सैल असते. आधी काही मिनिटं शेक. मग माझा एक हात फरा धरून ठेवतो. हे राहिलं तर बाकी सगळं फुकट, कारण फरा सरकतो आणि सांधा सुटल्याचा भास होतो.

पहिली दोन-तीन मिनिटं मी गोळा नुसता हलकेच डोलवते, अडण्याच्या बऱ्याच अलीकडं. मेटलंड या ऑस्ट्रेलियन थेरपिस्टनं अशा हालचालींच्या चार श्रेणी लावून दिल्या. पहिल्या दोन वेदना शमवायला, तिसरी-चौथी अडलेल्या टोकाशी जाऊन ताणायला. रुग्णाचं कपाळ सैल झालं की पुढं जायचं. चेहऱ्याकडं बघत काम करायची सवय मला त्या गुऱ्हाळवाल्या काकांनी लावली.

मग गोळा खोबणीपासून बाजूला, किंचितसा, ओढून धरते. मग खाली, पायांकडं सरकवते, म्हणजे काखेतली ती घडी ताणली जाते आणि हात वर जायला वाट मिळते. हे सरकणं मिलिमीटरमध्ये असतं. बाजूला उभ्या असलेल्या नवऱ्याला वाटतं मॅडम नुसता हात ठेवून उभ्या आहेत.

त्यानंतरचं तंत्र मला सर्वांत आवडतं, कारण ते उलटं वाटतं. हात बाहेर वळत नाही, तर गोळा पुढं ढकलावा असं जुना नियम सांगतो. पण २००७ मधल्या एका छोट्या अभ्यासात दोन्ही करून बघितलं: सहा बैठकांनंतर गोळा मागं सरकवलेल्यांचं बाहेर वळणं सरासरी ३१ अंशांनी वाढलं, पुढं सरकवलेल्यांचं फक्त ३ अंशांनी. तेव्हापासून मी हात जेवढा जाईल तेवढा बाहेर वळवून, हलका ओढून, गोळा मागं दाबते. ताण मिनिटभर धरायचा, सोडायचा, श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा धरायचा. असं पंधरा मिनिटं. घाई नाही, झटका नाही. आकसलेली पिशवी धरून ठेवलेल्या ताणाला सैल होते, हिसक्याला आवळते.

कुशीवर वळवून फरा सुटा करते, आणि शेवटी मिळालेली हालचाल त्याच टेबलावर रुग्णाकडून दहा-पंधरा वेळा करून घेते. हे झालं नाही तर मिळालेले अंश रिक्षात बसेपर्यंत परत जातात.

आठवड्यातून दोन-तीन वेळा असं सहा आठवडे करून बघायचं आणि दर दोन आठवड्यांनी मोजायचं. मोजत नसेल तो थेरपिस्ट बदला. आणखी एक खूण सांगते: त्याचा हात कुठं आहे बघा. चांगल्या थेरपिस्टचा हात खांद्याच्या जवळ, काखेशी असतो. मनगट धरून लांबून हात मागं-वर ओढणारा माणूस तुमचा दंड पहार म्हणून वापरतोय. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईचा दंड त्यात मोडू शकतो. घरच्यांनीही हेच लक्षात ठेवावं. त्यांनी मदत करायची ती आधार द्यायला आणि मोजायला, ओढायला नाही.

याच टप्प्यातला घरचा व्यायाम

आंघोळीनंतर करा, खांदा गरम असतो. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरा, चांगल्या हातानं दुखऱ्याला डोक्याकडं न्या, टोकाशी ३० सेकंद थांबा, पाच वेळा. मग कोपर अंगाशी, त्याखाली घडी, आणि काठीनं दुखरा हात बाहेर ढकला, तेवढंच थांबायचं. नंतर दाराच्या चौकटीला तळहात लावून, कोपर कमरेशी ठेवून, अंग हळूच दुसऱ्या बाजूला वळवा. भिंतीवर बोटांनी चढणं शेवटी, आणि चढताना खांदा कानाकडं जात असेल तर दोन बोटं खाली या.

हात पाठीमागं नेण्याचा व्यायाम सगळ्यांना पहिल्या दिवशी हवा असतो. साहजिक आहे. ब्लाऊजचा हूक, अंबाडा, मागच्या खिशातलं पाकीट, रोजची अडचण तिथंच असते. पण टॉवेलनं हात पाठीवर ओढणं मी सर्वांत शेवटी देते. बाहेर वळणं सुटायच्या आत हे केलं तर खांदा पुढून चिमटतो आणि रात्र पुन्हा बिघडते. तोवर हूक पुढं असलेला ब्लाऊज शिवून घ्या, सदरा घालताना दुखरा हात आधी घाला, काढताना शेवटी.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा: बोटं कुठवर पोचली आणि तारीख. रोज नाही, पंधरा दिवसांनी. त्या काकूंच्या भिंतीवर फोडणीच्या डब्याच्या फळीखाली सात खुणा होत्या. तिसरी आणि चौथी एकाच उंचीवर, कारण मध्ये मुलीचं लग्न झालं होतं.

सुटायला लागल्यावर, आणि नाहीच सुटला तर

हात तीन-चतुर्थांश वर जाऊ लागला की ताकद. रबरी पट्टा, भिंतीवरचे जोर, मग ओट्यावरचे. तालमीत जाणाऱ्यांनी जमिनीवरचे जोर भिंतीवरचे तीस सहज झाल्यावर, आणि मुदगल अगदी शेवटी. तो डोक्यामागून फिरतो, तिथं खांद्याला पूर्ण बाहेर वळावं लागतं. मोपेड किंवा मोटरसायकल चालवायची तर दोन्ही हातांनी हँडल पूर्ण वळवून, ब्रेक दाबून, उभ्या गाडीवर आधी बघा.

सहा महिने नीट उपचार करूनही हात अडलेलाच असेल तर तीन वाटा आहेत: सांध्यात द्रव भरून पिशवी फुगवणं, भूल देऊन हात फिरवणं, आणि दुर्बिणीतून आवळलेला भाग कापून मोकळा करणं. भूल देऊन फिरवण्यात हाड मोडण्याचा धोका थोडा असतो, म्हणून ते ऑपरेशन थिएटरमध्येच. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात भुलेखालचं फिरवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह आखीव फिजिओथेरपी यांची तुलना होती. वर्षाअखेर रुग्णाला ठळक जाणवेल असा फरक तिघांत निघाला नाही. गंभीर गुंतागुंती दुर्बिणीच्या गटात जास्त होत्या. म्हणून मी आधी इंजेक्शन आणि हातानं उपचार करून बघा म्हणते. शस्त्रक्रिया झाली तरी दुसऱ्या दिवसापासून याच टेबलावर यायचं असतं, ते चुकत नाही.

एकदा सुटलेला खांदा सहसा पुन्हा जखडत नाही. दुसरा मात्र पुढच्या काही वर्षांत काहींचा जखडतो, मधुमेहात जास्त. म्हणून बरं झाल्यावरही महिन्यातून एकदा आरशासमोर दाराच्या फळ्या उघडून बघा. दुसरा हात कमी उघडतोय आणि त्या कुशीवर जाग येतेय असं दिसलं, तर चोळत बसू नका. त्याच आठवड्यात दाखवा.